अकरा टॉवेल आणि एक खांदा

गरम पाण्याच्या झऱ्यावर येऊन जो माणूस पाण्यात उतरत नाही, त्याला म्हणावं तरी काय? माईंकडे शब्द होते, आणि दोन दिवसांत त्यांनी ते एकेक करून वापरलेही. पण आप्पांच्या अंगाला शब्दच लागत नव्हते, मग पाणी कुठून लागणार?

आप्पांनी चाळीस वर्षं लॉन्ड्री चालवली. इस्त्री ओढून ओढून उजवा खांदा असा धरला, की आठ महिने हात छातीच्या वर जात नव्हता. सदऱ्याची बाही माई चढवायच्या, भांगही माईच पाडायच्या. डॉक्टर म्हणाले, आधी गरम पाण्यात बसून बघा, नाहीतर पुढच्या महिन्यात भूल देऊन हात सोडवावा लागेल. आप्पा त्यावर हसले. माई मात्र हसल्या नाहीत. लेकीने हा झरा शोधला, शेजारीच दोन रात्रींची खोली घेतली आणि दोघांना गाडीत बसवून दिलं.

पहिल्या दिवशी आप्पांनी काठावर बसून डावं कोपर पाण्यात बुडवलं.

"पांढऱ्याला चालेल. लोकरीला नाही."

"आणि नवऱ्याला?" माई म्हणाल्या.

"बघू उद्या."

दुसऱ्या दिवशी माई स्वतः उतरल्या. लहानपणी नदीत शिकलेलं पोहणं अंग विसरलं नव्हतं. कुंडाच्या या टोकापासून त्या टोकाला त्या अशा गेल्या, की काठावरच्या पोरी तोंडात बोट घालून बघत राहिल्या. परत येऊन बघतात तर काय, बाकावरचे सगळ्यांचे टॉवेल आप्पांनी कडेला कड लावून घडी घालून ठेवलेले.

"अहो, ते लोकांचे आहेत!"

"चुरगाळून टाकले होते गं. बघवेना."

"मग मला बघवतं का, तुम्ही असे कोरडे ठणठणीत बसलेले?"

आप्पांनी वरच्या टॉवेलची कड पुन्हा सरळ केली. या माणसाला बिनकामाचं बसताच येत नाही, हे माईंना ठाऊक होतं. गरम पाण्यात हात घालायचा तो दुसऱ्याचा मळ काढायला, एवढीच त्याची अक्कल.

तिसऱ्या दिवशी दुपारची परतीची गाडी होती. सकाळी माईंना जाग आली, तर शेजारचं अंथरूण रिकामं आणि खुंटीवरचा टॉवेल गायब. गेला बाई एकदाचा पाण्यात! त्या लगबगीने जिना उतरल्या.

आप्पा पाण्यात नव्हते. कुंडातलं पाणी जिथून बाहेर वाहतं, त्या दगडी पन्हळीपाशी उकिडवे बसले होते. पुढ्यात अकरा टॉवेल. काल पांढरेशुभ्र होते, आज पिवळेधमक, वर गंजासारखे ठिपके.

"आपल्या टॉवेलवर डाग होता," आप्पा टॉवेलांवरची नजर न उचलता म्हणाले. "म्हटलं, आयतं कढत पाणी आहे, जिन्यातल्या टोपलीतले पाहुण्यांचेही धुऊन टाकू. या पाण्यात लोखंड असेल हे डोक्यातच आलं नाही. चाळीस वर्षांत माझ्या हातून एक रुमाल नासला नव्हता गं."

"कपडे धुऊ नका अशी हातभर पाटी आहे इथे. मी दुसरीत शाळा सोडलेली, मीसुद्धा वाचली."

"वाचली मीही. वाटलं, अडाण्यांसाठी असेल."

माईंना हसू फुटणार, तोच त्यांनी आप्पांचा चेहरा पाहिला. दुकानाला कायमचं कुलूप लावलं त्या दिवशीही तो इतका पडला नव्हता.

एवढ्यात वर जिन्यात गलका झाला. "मालकीणबाई, टॉवेल कुठे गेले सगळे?"

आप्पांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. लपायला ना झाड ना भिंत. आणि मग बनियन-लेंग्यासकट आप्पा कुंडात उतरले ते थेट गळ्यापर्यंत, वाफेच्या आड.

"सांगू नकोस कुणाला!"

माईंनी वर जाऊन खोल्यांच्या मालकीणबाईंना तेवढं सगळं सांगितलं.

"त्यांची आता पायपुसणीच होणार," मालकीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या.

"होऊ देत. तासभर कुणाला काही बोलू नका. माझा माणूस भिजत घातलाय."

खाली येऊन माई काठावर ठाण मांडून बसल्या. आप्पा जरा हलले, की म्हणायच्या, "थांबा, शोधताहेत अजून." असा तास गेला. आप्पांचे डोळे मिटायला लागले, खांदा पाण्याखाली सैल पडला.

तेवढ्यात पाहुणे अंगाभोवती चादरी गुंडाळून खाली आले. पिवळे टॉवेल बघून त्यातला एक जाडजूड गृहस्थ कडाडला, "झाडणाऱ्या बाईचंच काम हे! आजच काढून टाका तिला!"

"ती नाही हो!" आप्पा ओरडले. "मी धुतले. मी!"

आणि वर्गातल्या पोरासारखा त्यांनी हात वर केला. उजवा. कानाला लागून, सरळ वर.

लोक टॉवेलांकडे बघत होते. हाताकडे फक्त माई बघत होत्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं, आणि मग खणखणीत आवाजात म्हणाल्या, "चाळीस वर्षं गावाचे कपडे भिजवलेत, आणि स्वतः भिजायला तुम्हाला अकरा टॉवेल नासवावे लागले! आता गाडीची वेळ होईपर्यंत बाहेर पाऊल टाकलंत, तर मीच तुम्हाला पिळून दोरीवर वाळत घालीन. आणि उद्यापासून भांग तुमचा तुम्ही पाडायचा."