एक आखूड, एक लांब

ऑपरेशन आटोपून सर्जन बाहेर आले, "साधीच दिसतेय गाठ" म्हणाले, आणि घट्ट झाकणाची बरणी मास्तरांच्या हातात ठेवून आत गेले. बरणी पलीकडच्या रस्त्यावरच्या लॅबमध्ये पोचवायची होती.

मास्तर म्हणजे शिंपी. कापडावर डोळे बारीक करण्यात हयात गेलेली. बायकोच्या छातीतून निघालेलं काही बघायचं नाही, असं ठरवूनही पहिल्याच वळणावर त्यांनी बरणी उजेडात धरली. औषधाच्या पाण्यात लिंबाएवढा मांसाचा तुकडा होता आणि त्याला शिवलेले दोन काळे दोरे. एक आखूड, एक लांब.

मास्तरांनी बरणी आणखी जवळ धरली. असा दोरा तेही कापडात सोडत. इथे पुन्हा यायचंय, इथे अजून कापावं लागेल, याची ती खूण. ज्या बाजूची खात्री आहे तिथे कोण कशाला दोरा घालवील? म्हणजे सर्जन तोंडाने एक बोलले होते आणि हाताने भलतंच.

लॅबमधल्या डॉक्टरीणबाईंनी बरणी घेतली. "ट्यूमर ना? ठेवा."

"ट्यूमर? सर्जन तर गाठ म्हणाले."

"अहो, ट्यूमर म्हणजे गाठच. प्रत्येक ट्यूमर काही कॅन्सर नसतो."

मास्तरांना हेही पढवल्यासारखं वाटलं. "मग हे दोरे?"

"बाजू कळायला. आखूड वरची, लांब बाहेरची, काखेकडची. मी कडांना रंग लावून पातळ काप काढीन. साधी गाठ आपल्या वेष्टनात वाढते, फार तर शेजाऱ्याला ढकलते. कॅन्सर शेजाऱ्याची भिंत फोडून आत शिरतो. पुढे रक्तातून लांब जाऊन तिथेही बिऱ्हाड थाटतो."

"आणि सर्जनसाहेबांना त्याचाच संशय आहे."

"अशा सगळ्याच गाठींना लावतात ते दोरे. स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नाही त्यांचा. तुमच्या गळ्यात टेप दिसतेय; तुम्ही नाही का कच्चे टाके घालून अंगाला लावून बघत?"

मास्तरांना ते पटलं नाही.

घरी त्यांनी बायकोला काही सांगितलं नाही. उशी सारखी कर, पाणी दे, खिडकी लाव, असं त्यांचं आठवडाभर चाललं.

"अहो, काय लपवताय?" शेवटी तिने विचारलं.

"कुठे काय? साधी आहे म्हणाले ना."

"माझ्या हातच्या भाजीला नावं ठेवणारा माणूस आयता चहा आणून देतोय! गिऱ्हाइकाचं कापड बिघडलं की तुमचा चेहरा अस्साच होतो."

मास्तर पुन्हा उशी सारखी करायला लागले.

तपासणीचा निकाल दोघांना सांगताना सर्जननी आडपडदा ठेवला नाही. "मला साधी वाटली होती, चुकलो. पेशी बिघडल्यात, पण अजून दुधाच्या नळीतच आहेत. भिंत फोडलेली नाही. जागच्या जागी असलेला कॅन्सर म्हणतात याला. फक्त वरच्या कडेच्या रंगाला काही पेशी टेकल्यात. म्हणजे तिथे आत काही उरलं असेल; थोडं आणखी काढावं लागेल."

"आखूड दोऱ्याच्या बाजूला," मास्तर पुटपुटले.

"बरोबर. दोरे नसते तर चहूबाजूंनी कापत बसलो असतो."

बायकोने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग तिने मान वळवली. "कुठले दोरे?"

"बरणीत होते."

"तुम्ही बघितले होते?"

"हो."

"आणि आठवडाभर मला चहा पाजत बसलात!" ती सर्जनकडे वळून म्हणाली, "काढा काय काढायचं ते. पण या वेळची बरणी आधी माझ्या हातात. यांचा भरवसा नाही."

मास्तरांनी मान खाली घातली. मग चाचरत त्यांनी सर्जनला विचारलं, "दोरे या वेळीही लावाल ना?"