आत्तीची वकील

अठ्ठ्याण्णव साली लॉचा निकाल लागला आणि आठच दिवसांत चनबसाप्पांनी किराणा दुकानाच्या फळीवर पोरीच्या नावाची पाटी ठोकली. विद्याश्रीच्या नावाआधी लाल रंगात ‘ॲड.’ चांगलं वीतभर.

"अप्पा, सनद यायची हाय अजून," ती म्हणाली.

"येतीया की! पोस्टमन काय पळून चाललाय व्हय?"

सनद म्हणजे वकिलीचा परवाना. तो मुंबईहून येईपर्यंत कोर्टात उभं राहून बोलायचं नाही, हे विद्याश्रीला पाठ होतं. वाडीला कुठलं? वाडीच्या लेखी पोरगी पास झाली म्हणजे वकील झाली, विषय संपला. दूध संस्थेत फेटा बांधून सत्कार झाला, तेव्हाही तिनं सनदेचं नाव काढलं नाही. खरं सांगू? तिला ते गोड लागलं. लागणार नाही तर काय! वाडीत पोरीच्या डोक्यावर फेटा पहिल्यांदाच बसत होता.

त्या सत्काराला पुढच्या रांगेत रत्नव्वा आत्ती होती. चनबसाप्पांची थोरली बहीण, विधवा, दोन म्हशींवर जगणारी. तिच्या दारातून रस्त्याला जायला एकच बोळ, आणि त्या बोळात शेजारचा बाळासो भिंत घालायला निघालेला. कोर्टानं तात्पुरती मनाई दिली म्हणून काम पायातच थांबलं होतं. मनाई ठेवायची की उठवायची, याची सुनावणी सोमवारी होती. आत्तीचे वकील गणपतराव, माणूस म्हातारा पण पक्का, त्यामुळं कुणाला घोर नव्हता.

सोमवारी सकाळी आत्ती ठेवणीतलं लुगडं नेसून दारात हजर.

"चल गं, आपली केस हाय."

"गणपतराव हाईत की, आत्ती."

"त्यास्नी काढलं मी. परवाच नाहरकत लिहून घितली. घरात वकील असताना परक्याचं पाय कशाला धरू?"

वकील बदलताना जुन्याची नाहरकत लागते, एवढं आत्तीनं कुणाकडून तरी बरोबर शिकून घेतलं होतं. नेमकं तेवढंच!

दुकानातल्या फोनवरून तिनं गणपतरावांचं घर लावलं. ते चंदगडच्या कोर्टात गेलेले, संध्याकाळशिवाय यायचे नव्हते. मग कोल्हापुरात कोर्टाच्या आवारात ती वकिलांच्या टेबलाटेबलाशी फिरली. "कागद न वाचता कसा उभा राहू, ताई?" एकानं विचारलं, आणि त्याचं काय चुकलं? मागून आत्ती पिशवी घेऊन चालत होती आणि भेटेल त्याला सांगत होती, "माझी भाची. वकील हाय."

"आत्ती, ऐक माझं. मला बोलताच यायचं न्हाय तिथं."

"पहिल्यांदा भ्या वाटतंयच गं. देवाचं नाव घे."

पुकारा झाला. "वादीतर्फे कोण?" न्यायाधीशांनी विचारलं. आत्तीनं तिला दंडाला धरून पुढं ढकललं. "ही काय, साहेब. माझीच हाय."

"सनद नंबर?"

"अजून आली नाही, साहेब. मुदत मिळाली तर..."

"मग तुम्ही बोलताय कशा? मागं बसा." आवाजात राग नव्हता. तीन मुदती आधीच होऊन गेल्या होत्या, आजची शेवटची असं मागच्या तारखेलाच लिहून ठेवलेलं.

आत्ती पुढं एकटी उभी राहिली. बाळासोचा वकील म्हणाला, बाईंच्या घराला मागून चांगली गाडीवाट आहे. खोटं! धडधडीत खोटं! मागं ओढा होता. लहानपणी विद्याश्री त्यात पडली होती. वाडीचा नकाशासुद्धा आत्तीच्या पिशवीत होता, आणि पिशवी आता विद्याश्रीच्याच मांडीवर.

"आजी, तुम्हाला काही सांगायचंय?"

आत्तीनं वळून पाहिलं. विद्याश्रीनं हातवारे केले. पण हातवाऱ्यांनी ओढा कसा दाखवायचा? पट्टेवाल्यानं डोळे वटारले.

"मी अडाणी काय सांगू, साहेब? ती सांगंल की," आत्ती म्हणाली.

पाच मिनिटांत मनाई उठली.

दुपारच्या एसटीतून दोघी उतरल्या, तर बोळाच्या तोंडाशी विटांची ट्रॉली उभी. बाळासोचा पोरगा कोर्टातून मोटारसायकलवर पुढं पोहोचला होता. गवंडी माल कालवत होता, बायका जमल्या होत्या.

"काय झालं गं रत्नव्वा?" शेजारच्या तानाबाईनं विचारलं.

आता सांगून टाकायचं, सगळ्यांदेखत, काय व्हायचं ते होऊ दे, असं विद्याश्रीनं ठरवलं. "माझ्याकडं सनदच..."

आत्तीनं तिचा हात करकचून दाबला. "लई भांडली माझी पोरगी," ती मोठ्यानं म्हणाली, "जज्जच ऐकंना, त्याला तिनं काय करायचं?"

एवढं बोलून तिनं लुगडं खोचलं आणि भिंत उभी राहायच्या आत म्हशी बाहेर काढायला ती बोळातून पळत सुटली.