सकाळचे पहिले पाणी

सल्लागार मंडळातल्या चार शास्त्रज्ञांचा परिचय प्रत्येकी नव्वद शब्दांत बसवायचा, असा संचालकांचा हुकूम होता, आणि पुस्तिकेचे काम पाहणारी मुलगी त्यापायी रडकुंडीला आली होती. मातीच्या प्राध्यापकांनी स्वतःविषयी सात पाने पाठवली होती आणि त्यातले एक विशेषणसुद्धा ते कापू देत नव्हते. डासवाल्या सरांनी उलट एका ओळीत आटोपले होते : 'अकरा वर्षे डासांना स्वतःचा हात चावायला दिला, बाकी विशेष नाही.' मुलांच्या वाढीवर काम करणाऱ्या डॉक्टरीणबाई फोनच उचलत नव्हत्या. राहता राहिल्या पाणीबाई. त्या मात्र दिलेल्या वेळेला, दुपारी तीनला, हातात दोन जुन्या वह्या घेऊन मुलीच्या टेबलासमोर येऊन बसल्या.

पाणीबाई हे नाव त्यांना गावांनी दिले होते. त्या मूळच्या रसायनशास्त्रज्ञ. जमिनीतून वर येणाऱ्या पाण्यात फ्लोराइड जास्त असले की मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात आणि चाळिशीतल्या माणसाला उठताना भिंत धरावी लागते. हातपंपाला जोडलेल्या टाकीत पांढरे दाणे भरून, त्यातून ते पाणी गाळून घ्यायचे, हे काम बाईंनी सरकारी प्रयोगशाळेत एकतीस वर्षे केले. निवृत्तीनंतर या विकाससंस्थेने त्यांना सल्लागार म्हणून बोलावून घेतले. संस्थेच्या तीनशे वीस हातपंपांवर आज त्यांचीच पद्धत चालत होती, आणि उद्या दुपारी तीनच्या बैठकीत आणखी बाराशे हातपंपांचा ठराव मंजूर व्हायचा होता. पुस्तिका त्यानंतर लगेच छापायला जाणार होती.

"एक काम सांगा, बाई, सामान्य माणसाला कळेल असं," मुलगी म्हणाली.

"सकाळचं पहिलं पाणी," बाई क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या. "टाकीतले दाणे थकले की फ्लोराइड धरत नाहीत, मग ते बदलावे लागतात. कधी बदलायचे, हे ठरवायचं तर सगळ्या गावांतले नमुने एकमेकांशी जुळायला हवेत. पूर्वी कोणी कधीही पाणी भरायचं. मी नियम घालून दिला. सगळीकडे सकाळी, पंप सुरू केल्यावरचं पहिलं पाणी. त्यावरूनच कळलं की दाणे अठरा महिने टिकतात."

मुलीने लिहून घेतले. मग पेन गालाला टेकवून तिने सहज विचारले, "पण सकाळचंच का? दुपारी घेतलं तरी सगळीकडे एकच वेळ झाली असती की."

"अगं, नमुन्यांची गाडी आठला निघायची," बाई हसून म्हणाल्या. "नाहीतर लॅब बंद होण्याआधी पोचायची नाही."

"हे नाही हो लिहिता येणार!" मुलगीही हसली.

बाईंचे हसू मात्र मध्येच थांबले. सकाळचे पहिले पाणी म्हणजे रात्रभर टाकीत दाण्यांना चिकटून उभे राहिलेले पाणी. दहा तास. दिवसा बायका रांगेत उभ्या राहून पंप हापसतात तेव्हा तेच पाणी दाण्यांतून दोन-चार मिनिटांत खाली येते. थकलेला दाणासुद्धा दहा तास मिळाले तर आपले काम करील. दोन मिनिटांत करील का?

"बाई, पाणी देऊ का?" मुलीने विचारले. "चेहरा उतरलाय तुमचा."

"नको," बाई म्हणाल्या, आणि वह्या उचलून त्या ज्या घाईने उठल्या, ती पाहून मुलीला वाटले, आपले काहीतरी चुकले.

घरी त्या थेट पुस्तकांच्या कपाटापुढे फतकल मारून बसल्या. त्यांचे यजमान भूगोलाचे निवृत्त शिक्षक. सबंध आयुष्य नकाशे आणि वात्रट पोरे यांच्यात गेल्यामुळे ते सहसा गंभीर होत नसत.

"काय झालं? नव्वद शब्दांत मावत नाहीस का?"

बाईंनी मान वर न करता त्यांना सगळे सांगितले. सांगताना त्यांचा आवाज प्रयोगशाळेतल्यासारखाच सपाट होता, पण पाने त्या भराभर उलटत होत्या.

"एकतीस वर्षांत हे कोणीच विचारलं नाही?"

"विचारलं असतं तर मी चिडले असते."

"हे मात्र खरं," यजमान म्हणाले, आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. "उद्या ऑफिसातल्या पंपाचं पाणी तपास. आधी तपास, मग घाबर."

"अहो, मी घाबरून बसलेलीच आहे."

आठव्या वहीत त्यांना ती नोंद सापडली. रांगेने सकाळच्या फ्लोराइडचे आकडे होते, सगळे लिटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास, दीडच्या मर्यादेखाली, आणि मधोमध एक आकडा : दोन पूर्णांक चार. त्या गावातल्या टाकीतले दाणे तेव्हा अकरा महिन्यांचे होते. आकड्यावर तांबड्या शाईची आडवी रेघ होती आणि पुढे बाईंच्याच ठसठशीत अक्षरात लिहिले होते : 'नमुना दुपारी घेतला. ग्राह्य नाही.'

कोणी लपवले नव्हते, कोणी फसवले नव्हते. पाण्याने वीस वर्षांपूर्वी त्यांना स्वच्छ सांगितले होते, आणि त्यांनी पट्टी लावून नीट रेघ ओढली होती.

रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी सव्वासातला त्या संस्थेच्या फाटकाशी हजर होत्या. फाटकावर मामा होते. ते पूर्वी बाईंच्या प्रयोगशाळेची नमुन्यांची गाडी चालवत, आता गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवत.

आवारातल्या हातपंपाला संस्थेने दाखवण्यासाठी टाकी बसवलेली होती. दाणे चौदा महिन्यांपूर्वीचे. ऑफिसातले सगळे तेच पाणी पीत. बाईंनी पहिले पाणी काचेच्या नळीत घेतले आणि तपासणीच्या पेटीतल्या बाटलीतले थेंब मोजून टाकले. गुलाबी राहिले तर पाणी चांगले, पिवळे पडले तर वाईट.

पाणी गुलाबी राहिले.

बाईंना एकदम हायसे वाटले, आणि हायसे वाटल्याची लगेच लाजही वाटली. गुलाबी तर ते वीस वर्षे येतच होते.

त्यानंतरचे पाच तास त्यांनी आवारातल्या बाकावर काढले. माणसे येत होती, बाटल्या भरत होती, झाडांना पाणी घालणाऱ्या बाईंनी सोळा बादल्या नेल्या. प्रत्येक बादलीला पाणीबाई मनात आकडा मोजत होत्या. पुस्तिकेची मुलगी दोनदा खिडकीत येऊन पाहून गेली. साडेबारा वाजता बाईंनी दुसरी नळी भरली. चौथ्या थेंबाला रंग डळमळला. सहाव्याला नळी पिवळी झाली.

"असं कसं झालं?" मामा खुर्चीवरून उठून आले होते. "सकाळी तर गुलाबी होतं."

"मामा, गाडी पंक्चर झाली होती तो दिवस आठवतो? पुलापलीकडच्या गावी?"

"न आठवायला काय झालं! दुपारी एकला नमुना भरून आणला, तर तुम्ही मला केवढं बोललात. 'अख्खा दिवस फुकट घालवलात' म्हणून. आठ दिवस मी तुमच्याशी बोलत नव्हतो."

"तोच एक नमुना बरोबर होता," बाई म्हणाल्या.

मामांना यातले किती कळले कोण जाणे. त्यांनी हातातल्या आपल्या भरलेल्या बाटलीकडे पाहिले आणि ती हळूच मागे नेली.

दोन वाजता बाई संचालकांच्या खोलीत गेल्या. संचालक भला माणूस होता. त्यांनी वही पाहिली, दोन्ही नळ्या पाहिल्या आणि कपाळ चोळले.

"एका टाकीवरून, बाई?"

"आणि एका नोंदीवरून."

"एवढ्यावर मी बाराशे पंप थांबवू? देणगीदार खाली येऊन बसलेत. आपण असं करू. आज ठराव होऊन जाऊ दे. पुढच्या महिन्यात तुम्ही शांतपणे तपासा. काही निघालंच, तर 'सुधारित पद्धत' म्हणून जाहीर करू. तुमचं नावही राहील."

बाईंना ते मनापासून हवेसे वाटले. एक महिना. पुस्तिका छापून होईल, नव्वद शब्द कोणाकोणाच्या हातात पडतील, आणि मग सुधारणा. शास्त्रात सुधारणा होतातच. एकतीस वर्षांच्या कामाला कोणी तांबडी रेघ मारणार नाही. त्यांनी खिडकीतून खाली पाहिले. झाडांना पाणी घालणारी बाई आता पंपाखाली ओंजळ धरून पाणी पीत होती.

"दुपारचे दोन वाजलेत," बाई म्हणाल्या. "या वेळेला तीनशे वीस पंपांवर लोक पाणी भरताहेत. महिनाभर तेच भरतील. मी बैठकीत सांगणार आहे. तुम्ही नको म्हणालात तरी सांगणार आहे."

"यात सगळ्यांत आधी तुमचंच नाव जाईल, बाई."

"ठाऊक आहे हो," त्या म्हणाल्या, आणि वह्या उगाचच नीट लावत राहिल्या.

बैठकीत त्यांना बोलायला सात मिनिटे लागली. स्वतःच्या अक्षरातली ती ओळ त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली.

"म्हणजे इतकी वर्षं आपण झोपलेलं पाणी तपासत होतो म्हणायचं," मातीचे प्राध्यापक म्हणाले. सात पानांचा माणूस. आपल्या पानांत काय दडले असेल, या विचाराने की काय, पुढे एकदम गप्प झाला.

"टोमणे नंतर मारा," डासवाले सर म्हणाले. "पंपांची देखभाल करणाऱ्यांकडे तपासणीची पेटी असते ना? आत्ताच फोन करा त्यांना. दुपार अजून संपली नाही."

ठराव पुढे ढकलला गेला. देणगीदारांना घेऊन संचालक दुसऱ्या खोलीत गेले. जाताना त्यांनी बाईंकडे पाहिले नाही.

बाई पुस्तिकेच्या मुलीच्या टेबलाशी बसून फोन करू लागल्या. बारा गावांना फोन लागले. प्रत्येकाला त्या एकच सांगत होत्या : आत्ता, दहा बादल्या जाऊ देऊन, मग नमुना. पलीकडून प्रत्येक जण चक्रावून विचारी, "पण बाई, नियम तर सकाळचा आहे ना?" आणि प्रत्येकाला त्या म्हणत, "नियम मीच केला होता. चुकीचा होता. जा, भर."

बाराव्या फोननंतर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, सॉरी," मुलगी म्हणाली. "मी उगाच विचारलं."

"वेडी आहेस का? विचारत जा."

"मग परिचयाचं काय करू? छापखान्याचा माणूस पाचला येतो."

"माझी जागा कोरी ठेव. नाहीतर डासवाल्यांना दे, त्यांची एकच ओळ आहे."

मुलीला हसू आले नाही. बाईंनाही नाही. चार वाजून दहा मिनिटांनी पहिला फोन वाजला. बाईंनी चष्मा चढवला, वहीचे कोरे पान उघडले आणि तारखेखाली गावाचे नाव लिहिले.

"बाई, पिवळं आलं हो," पलीकडचा माणूस दबक्या आवाजात म्हणाला. पाठीमागे पंपाचा खडखडाट आणि पोरांचा कालवा ऐकू येत होता.

"दाणे किती महिन्यांचे?"

"नऊ."

बाईंनी नऊ लिहिले. "पंपाला कुलूप घाल," त्या म्हणाल्या.

"मग लोक पितील काय?"

जुन्या विहिरीचे पाणी कसे आहे, टँकर कुठून मिळेल, हे त्या त्याला विचारत होत्या, तेवढ्यात मुलीच्या टेबलावरचा दुसरा फोन वाजू लागला. मुलीने तो उचलला, ऐकले, आणि रिसीव्हरवर हात ठेवून बाईंकडे पाहिले. बाईंनी वही तिच्याकडे सरकवली आणि खालच्या ओळीवर बोट ठेवले.