बापाचा हिरवा कोट

गडद हिरवं कापड दुकानाच्या आत उभं राहून घेणारा माणूस एक तर आंधळा असतो, नाही तर घाईत. आत ते काळं दिसतं. बाहेर ओट्यावर उन्हात धरलं की मग आपलं खरं तोंड दाखवतं. गिऱ्हाइकांना हे सांगून सांगून माझी जीभ झिजली, पण आमच्या मसाका गावात कुणी ऐकेल तर शपथ! सेबोवाला मात्र सांगावं लागलं नाही. तो पडला सुतार. त्याने ठाण खांद्यावर टाकलं आणि सरळ रस्त्यावर गेला.

"मास्तर, हे नको," तो बाहेरून ओरडला. "हे चकाकतंय. मी काय बारमध्ये गाणार आहे?"

आत माझ्या एकुलत्या एक धड खुर्चीवर नाक्कूबाई बसल्या होत्या. प्रॉसीची आत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "घेऊ दे त्याला हवा तेवढा वेळ."

प्रॉसी म्हणजे सेबोवाने वाढवलेली मुलगी. तिचा जन्मदाता एरिसा, या नाक्कूबाईंचा सख्खा भाऊ आणि आमच्याच गल्लीतला ट्रकवाला, पोर दोन वर्षांची असताना सीमेपलीकडे जुबाला ट्रक घेऊन गेला तो गेलाच. आई पोरीला घेऊन सेबोवाच्या घरी नांदायला आली आणि पोर नऊ वर्षांची असताना वारली. तेव्हा ही आत्या कुठे होती, विचारा. पोरीच्या अंगाला ताप आला की सेबोवा तिला सायकलवर घालून दवाखान्यात न्यायचा, तेव्हाही ही कुठे दिसली नाही. आता पोरगी कंपालाला बँकेत लागली, एन्टेबेचं स्थळ आलं, आणि आत्याबाई उगवल्या. कारण आमच्याकडे आत्याशिवाय मुलीची ओळखभेट होत नाही. मुलाकडची माणसं मांडवात येतात, आत्या त्यांच्यातून जावई हुडकून काढते, आणि मग जावयाकडून मुलीच्या बापाला पांढरा पायघोळ कांझू आणि वर घालायला कोट मिळतो. सगळ्या गावादेखत तो बापाच्या अंगावर चढवतात. कोटाचं माप आणि कापड मुलीकडच्यांनी आधी ठरवून द्यायचं असतं, त्यासाठीच ही दोघं माझ्याकडे आली होती.

सेबोवाने चार ठाणं बाहेर नेली नि आणली. एक मुठीत चुरगाळून बघितलं, त्याच्या सुरकुत्या गेल्या नाहीत. "हे माझ्यासारखं, एकदा मोडलं की मोडलं," म्हणून हसला. दुसऱ्याचा धागा ओढून काडीने पेटवला, तर त्याचा काळा मणी झाला. "प्लास्टिक आहे मास्तर! मित्रालाच गंडवतोस?" मी शिव्या घातल्या आणि खालच्या फळीवरून लोकरीचं ठाण काढलं. त्याचा धागा जळाला तसा केस जळाल्याचा वास सुटला. ऊन पडल्यावर ते पाऊस पडून गेलेल्या केळीच्या बागेसारखं दिसलं. सेबोवाने अंगठा फिरवला, लाकडावर फिरवतो तसा.

"हेच," म्हणाला शेवटी. "प्रॉसीला हिरवा आवडतो. शाळेचा कोट हिरवाच होता तिचा. तो नवा घेणं जमलं नाही, दुसऱ्या पोरीचा उतरलेला घेतला. मास्तर, हा नीट शिव रे. खुर्ची पण केलीय मी मांडवात बसायला, म्वुले लाकडाची. तीनदा पॉलिश मारलं."

"खुर्ची बघितली मी," नाक्कूबाई म्हणाल्या. "छान झालीय हो."

मी माप घेतलं. खांदा, छाती, पाठ. बाहीला टेप लावला तशा बाई म्हणाल्या, "बाही दोन बोटं लांब ठेवा. आणि पोटावर जरा सैल."

"माझं पोट कुठंय?" सेबोवा म्हणाला.

"खाल तेव्हा येईल," त्या म्हणाल्या.

सेबोवाला हसू आवरेना. ठाण कापण्याआधी शेवटचं एकदा उन्हात बघतो म्हणून तो बाहेर गेला, आणि बाई माझ्याकडे वाकल्या. "आत नावाची पट्टी लावता ना तुम्ही? एरिसा लिहा. माझा भाऊ ओळखभेटीच्या दिवशीच येतोय. तो इथे नाही म्हणून याचं माप. दोघं एका चणीचे, फक्त हात आणि पोट वेगळं."

मी दाराकडे बघितलं. "सेबोवाला सांगितलंत का?"

"सांगेन की. आत्ता सांगितलं तर कापड असं जीव लावून निवडलं असतं का त्याने?"

तेव्हाच मी कात्री खाली ठेवायला हवी होती. पण नाक्कूबाईंना विचारल्याशिवाय आमच्याकडे एकही मांडव उभा राहत नाही. त्यांनी नाक मुरडलं तर वर्षभर माझ्या मशीनवर कोळी जाळं विणतील. मी मूग गिळून बसलो. बाहेर माझा तीस वर्षांपासूनचा मित्र आपल्या कापडाला ऊन दाखवत उभा होता आणि मी आत खडूने रेघा मारत होतो. भित्रा म्हणा, हलकट म्हणा, मी ऐकून घेईन.

आठवड्याने कोट अंगावर घालून बघायला दोघं पुन्हा आली. सेबोवाने पिशवीतून इस्त्री केलेला कांझू आणला होता, तो आधी चढवला, वर मी कच्च्या टाक्यांचा कोट दिला. आरशासमोर उभा राहून त्याने मान ताठ केली. देवाशपथ, असा बाप मी मसाकात बघितला नव्हता.

"बाही लांबच झाली मास्तर," म्हणत त्याने कोटाची कड उलटली, आणि पट्टी दिसली. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं.

"चुकीची पट्टी लागलीय," तो मला म्हणाला. मी मान वर केली नाही.

"चुकीची नाही," नाक्कूबाई म्हणाल्या. "खुर्चीवर एरिसा बसेल. मुलगी बापाच्या, उदमांजराच्या कुळाची. टोळांच्या कुळाचा माणूस तिचा बाप म्हणून बसला तर पाहुणे काय म्हणतील?"

"वीस वर्षं मी..."

"हो, वाढवलीत. नाही कोण म्हणतंय? पण सेबोवा, खरं सांगा, नोव्हेंबरात टोळ आले की पोरीला कोण तळून द्यायचं?"

सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आपल्या कुळाचा जीव आमच्यात कुणी खात नाही, तेव्हा त्याने टोळ जिभेला लावणं शक्यच नव्हतं, पण पोर दुसऱ्या कुळाची, तिला का उपाशी ठेवायचं म्हणून दर वर्षी पंख खुडून, कांदा घालून तिच्यासाठी तळायचा आणि वासाने नाक दाबून बाजूला बसायचा.

"तुमची मुलगी असती तर घातले असते का तिला टोळ?" बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं तुम्ही स्वतःच्या हाताने सांगत आलात, ती तुमची नाही म्हणून. आम्ही काय नवीन बोलतोय?"

सेबोवाने ओठ ओले केले. "प्रॉसीला माहीत आहे?"

"तिनेच सुचवलं, तुमचं माप घ्या म्हणून. म्हणाली, बाबांना वाईट नाही वाटणार, ते समजूतदार आहेत."

मला वाटलं आता हा कोट फाडेल. फाड रे, म्हणत होतो मी मनात, फाड, मी दुसरा शिवीन फुकट! पण तो तसाच उभा.

"मग मी कुठे बसू?" त्याने विचारलं.

"मागे चुलीवरची केळ्यांच्या मातोकेची पातेली उतरवायला माणूस लागतोच. भरवशाचा हवा. चला, मास्तरांचा खोळंबा होतोय. हात पसरा."

आणि त्याने हात पसरले. मी एकेक टाचणी लावत गेलो, काखेत, पाठीवर, पोटावर सैल सोडलेल्या जागी. एक टाचणी त्याला टोचलीही. तो हलला नाही. उलट हळूच म्हणाला, "डाव्या बाजूला एरिसाचा खांदा थोडा उतरलेला आहे. ट्रक चालवून. तेवढं बघ."

त्याने कोट उतरवला, कांझू घडी करून पिशवीत घातला. जाताना मेजाखाली पडलेला हिरव्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा उचलला आणि अंगठा फिरवत उभा राहिला.

"तो ठेवा," नाक्कूबाई म्हणाल्या. "कोट कुठे फाटला तर ठिगळाला लागेल. असं कापड पुन्हा मिळत नाही."

सेबोवाने माझ्याकडे बघितलं. मी हात पुढे केला आणि त्याच्या हातातून तो तुकडा काढून घेतला.