प्रीतमसिंगचे ड्रिल बिट

१९८७ साल. पंजाबातल्या हत्यांच्या बातम्यांनी चंडीगड धास्तावलं होतं. सरकारी वर्कशॉपच्या प्रमुख रत्नप्रभा सोहनींना खात्याच्या साहेबांनी बजावलं, "ड्रिल बिट यापुढे त्या सरदाराकडून नकोत. दिवस वाईट आहेत. दुसरे दुकानदार त्याहून स्वस्त देतात."

रत्नप्रभाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रीतमसिंग दहा वर्षं त्यांना परवडेल अशा भावात चोख माल देत होता. त्यांनी साहेबांना मशीनपाशी उभं केलं आणि दोन्हीकडचे बिट स्टीलच्या पट्टीवर चालवून दाखवले. स्वस्तातला तिसऱ्याच भोकाला तापून निळा पडला आणि मोडला. प्रीतमसिंगच्या बिटने वीस भोकं पाडली, तरी धार शाबूत होती.

"पण लोक काय म्हणतील, मॅडम?"

"लोकांना भोकं मोजायला पाठवा. दुसऱ्या कुणाच्या ऑर्डरवर मी सही करणार नाही."

"मग आणायलाही तुम्हीच जा. ड्रायव्हर मिळणार नाही."

बाई सायकलरिक्षाने गेल्या. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. प्रीतमसिंग गडबडून उठला. "बहनजी, आप खुद?"

"हां जी," म्हणत बाईंनी आतलं स्टूल उचललं आणि रस्त्याकडेच्या पायरीवर मांडलं. "यहीं बैठूंगी, सबको दिखना चाहिए. चाय मंगवाइए."