भिंतीबाहेरची खोली

हिदोयत ताश्कंदच्या चिलानजार भागातल्या एका चारमजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. सोव्हिएत राज्य गेलं, घरं ज्याच्या त्याच्या नावावर झाली, तसे शहरभर लोक भिंती फोडून बाहेर खोल्या काढू लागले. हिदोयतलाही एक हवीच होती. दोन खोल्यांत ती, नवरा, दोन मुली, थोरला शवकत, सून आणि तान्हा नातू. पाळणा स्वयंपाकघरात, शेगडीला खेटून.

पण वरची खोली काही हवेत लटकत नाही. खांब जमिनीतून उठायला हवेत. पहिल्या मजल्यावरचे लगेच तयार झाले. अडलं ते तळमजल्यावर. तिथे त्रोफिम किम हा कोरियन म्हातारा एकटाच राहायचा. खांब येणार होते नेमके त्याच्या खिडकीसमोर, त्याच्या वारलेल्या बायकोनं लावलेल्या जर्दाळूच्या जागी.

हिदोयत मांस भरलेले गरम सामसे घेऊन त्याच्याकडे गेली. "झाड सोडून काहीही माग," तो म्हणाला.

"एका झाडापायी माझं पोर धुरात वाढणार?" शवकत भडकला.

"झाड कसलं रे, बायकोच आहे ती त्यांची. पुन्हा विषय काढायचा नाही," हिदोयत म्हणाली.

मग एकदा त्रोफिमच तणतणत वर आला. "पोराला उपाशी ठेवता की काय? रडून रडून माझे कान किटले!"

हिदोयतनं स्वयंपाकघराचं दार उघडलं. पाळणा सरकवल्याशिवाय ते पूर्ण उघडेना. त्रोफिम आत बघत राहिला आणि चहाही न घेता निघून गेला.

रविवारी सकाळी करवतीचा आवाज आला. हिदोयत धावत खाली गेली. निम्मं झाड आडवं झालं होतं.

"अका," थोरल्या भावाला मारावी तशी हाक मारत ती ओरडली, "हे काय केलंत!"

"बघतेस काय? फांद्या उचल. आणि शवकतला पाठव, म्हाताऱ्याला एकट्याला राबवतेस होय?" मग घाम पुसत हळूच म्हणाला, "तिला लेकरांचा फार लळा. आम्हाला झालं नाही."

हिदोयत छातीवर हात ठेवून त्याच्यापुढे वाकली.

थंडीच्या आत खोली उभी राहिली. तिथल्या पहिल्या पुलावाच्या जेवणाला मानाच्या जागी त्रोफिम बसला. नातवानं त्याचा चष्मा ओढला, तर तो खुदकन हसला. आभाराचे शब्द हिदोयतनं कितीदा मनात घोळवले होते, पण तोंडून एवढंच निघालं, "अका, उद्यापासून जेवायला वरच यायचं."

"म्हणजे या वयात रोज जिने चढू?" तो कुरकुरला.

पण आला. पाय चालले तोवर येत राहिला, आणि नंतर शवकत त्याला पाठीवर घेऊन यायचा.