जगबुडीच्या दिवशीचा चढ

"तू पास होशील ना, त्या दिवशी जगबुडी होईल," असं आमचे हे म्हणाले, ते मी ड्रायव्हिंगच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले तेव्हा. तिसऱ्यांदा नापास झाले तोवर हे वाक्य अख्ख्या बिल्डिंगला पाठ झालं होतं. मग चौथ्या परीक्षेची तारीख मिळाली आणि त्याच आठवड्यात बातमी आली, की कुठल्याशा प्राचीन कॅलेंडरप्रमाणे नेमक्या त्याच दिवशी भर दुपारी बारा वाजता जग संपणार. आमच्या घरात जो काही हशा पिकला, तो विचारू नका. मी सोडून सगळे हसले.

ते कॅलेंडर म्हणे हजारो वर्षांपूर्वी कुणी दगडावर कोरलेलं. त्यातला शेवटचा चौकोन त्या दिवसाचा, पुढे काहीच नाही. "दगड संपला असेल," हे म्हणाले. पण लोकांना निमित्तच हवं असतं. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने 'शेवटची कटिंग, लवकर या' अशी पाटी लावली. तळमजल्यावरच्या काकांनी साखरेचं पथ्य सोडलं आणि डॉक्टरांना तसं फोन करून कळवलं. माझे दीर तर मुद्दाम घरी येऊन म्हणाले, "वहिनी, जगाचा जरा विचार करा. या वेळी पास होऊ नका."

दिरांचं हसायला काय जातंय! ह्यांची नजर अधू झाल्यापासून आमची गाडी खाली कव्हर घालून उभी होती. या वेळीही मला जमलं नाही तर ती धाकट्या भावाला देऊन टाकायची, असं ह्यांनी ठरवलं होतं आणि दीर रविवारी ती न्यायला येणार होते. माझी आई शेवटच्या बसथांब्याच्याही पुढे, टेकडीवर राहते. तिला भेटायचं तर मी कुणाची तरी सोय बघायची, कुणाच्या तरी मागे लागायचं. मला याची मनापासून चीड होती.

आणि अडत होतं ते एकाच ठिकाणी. सपाट रस्त्यावर मी कुणाला ऐकत नाही, पण चढावर थांबून पुन्हा गाडी काढायची म्हटलं की ती मागे जायची. तिन्ही वेळा गेली. एकदा तर परीक्षा घेणाऱ्या साहेबांच्याच स्कूटरवर.

त्या दिवशी परीक्षेच्या मैदानावर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीपाशी मी एकटीच. बाकी कुणी जगबुडीच्या मुहूर्तावर लायसन काढायला आलंच नव्हतं. मला वाटलं, चला, आज लवकर सुटले. झालं उलटंच. एरवी रांग असली की साहेब दोन वळणं आणि एक चढ बघून मोकळे होतात. आज त्यांना दुसरं कामच नव्हतं.

"या बाई, आज अगदी निवांत बघू," ते म्हणाले आणि शेजारी बसले.

त्यांनी मला गाडी मागे घ्यायला लावली, अरुंद जागेत उभी करायला लावली, भर बाजारातून काढायला लावली. मी सगळं केलं. मग ते म्हणाले, "आता पुलावर घ्या."

पुलाच्या चढावर मधोमध आले आणि पुढची गाडी थांबली. तिच्यापुढचीही. बारा वाजत आले होते, आणि माणसं गाड्या सोडून कठड्याशी उभी राहून आभाळाकडे बघत होती. काहींनी छत्र्याही उघडल्या होत्या. मी हँडब्रेक ओढला आणि आरशात पाहिलं. मागे पाण्याचा टँकर, इतका चिकटून की ड्रायव्हरच्या मिश्या मोजता आल्या असत्या.

कारखान्याचा भोंगा वाजला. बारा. काहीच झालं नाही. मग कुणीतरी शिट्टी मारली, सगळा पूल खदखदून हसला, आणि जो तो आपल्या गाडीकडे धावला. पुढच्या गाड्या सुटल्या. मागून टँकर हॉर्न वाजवायला लागला. मनात म्हटलं, जगाचं जग बघून घेईल, मला टँकरचं बघायचंय. क्लच सावकाश सोडत गेले. गाडी थरथरली, तिचं नाक जरासं वर आलं. आणखी थोडा दम धरला आणि हँडब्रेक खाली केला.

गाडी पुढे गेली. बोटभरही मागे सरकली नाही. मला गाडीतच नाचावंसं वाटलं.

शेजारी पाहिलं तर साहेब डोळे गच्च मिटून, दोन्ही हातांनी दाराची मूठ धरून बसले होते.

"साहेब, उघडा डोळे. झालं."

"जग?" त्यांनी विचारलं.

"चढ," मी म्हटलं.

त्यांनी एक डोळा उघडून आरशात टँकरकडे पाहिलं आणि रुमालाने कपाळ पुसलं. "पास," ते म्हणाले.

मैदानावर परतताच मी घरी फोन लावला. "पास झाले," म्हटलं. मग ह्यांनी विचारलं, "बाहेर सगळं ठीक आहे ना?" नंतर म्हणाले, "धाकट्याला कळवून टाकतो." मी म्हटलं, "राहू द्या. मी सांगते."

लायसन शनिवारी हातात पडलं. रविवारी सकाळी दीर निघायच्या आत मी ह्यांना शेजारी बसवलं आणि थेट त्यांच्या दारात गेले. त्यांची गल्ली म्हणजे निव्वळ घसरगुंडी. मधोमध गाडी उभी केली आणि हॉर्न दिला. दीर चपला सरकवत खाली आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागे येऊन डिकीवर मालकासारखा हात ठेवला.

"तुम्ही कशाला तसदी घेतलीत वहिनी? मी येतच होतो न्यायला."

"द्यायला नाही आले, भावोजी. दाखवायला आले. आईकडे निघालेय."

ह्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बाजूला हो रे," सवयीने ओरडले, "चढ आहे. मागे उभा राहू नकोस."

"राहा उभे, भावोजी," मी म्हटलं. "तिथंच राहा."

आणि हँडब्रेक सोडला. आरशात पाहिलं तेव्हा दीर होते तिथंच उभे होते. त्यांचा हात अजून हवेत होता, जिथे मघाशी डिकी होती.